काटा तांबड्यात जाण्याआधी

किल्ली मला दिसत होती. काचेपलीकडे, हातभर अंतरावर, स्टिअरिंगच्या खाली ती तिच्या जागी बसली होती आणि इंजिनाच्या थरथरीनं तिची साखळी हलत होती. गाडी सुरू होती. अकरा वर्षांनी सुरू झाली होती. चारही दारं बंद होती आणि मी आणि माझी शहात्तर वर्षांची आई, दोघी बाहेर उभ्या होतो.

दार मीच लावलं. चाकाखालचा दगड काढायला उतरले आणि आनंदाच्या भरात मागे न बघता दार ढकलून दिलं. या गाडीची एक जुनी खोड आहे. दार जोरात आपटलं की खिडकीच्या कडेची खुंटी आपोआप खाली बसते आणि कुलूप लागतं. मला ही खोड वयाच्या सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी विसरले. बाकीची तीन दारं आईनं आतून लावून घेतली होती. मागच्या सीटवर लहान मुलं बसली आहेत असं तिला अजूनही वाटत असावं. दुसरी किल्ली कोणत्या वर्षी हरवली ते घरात कुणालाच आठवत नाही.

आई बॉनेटला झेंडूची माळ बांधत होती. आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"लावलंस?"

"लागलं," मी म्हणाले.

ती रागावेल असं मला वाटलं. तिनं माळेची गाठ पक्की केली, चष्मा नाकावर सरकवला, माझ्या शेजारी येऊन काचेला कपाळ टेकवलं आणि आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण आवाज बघ कसा आहे. अगदी तसाच आहे गं."

खरंच तसाच होता. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीखाली, ताडपत्रीच्या पोटात ही गाडी इतकी वर्षं मुकी उभी होती. लोक तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. गेल्या दिवाळीत आईनं मला फोन करून सांगितलं, "मी गाडी दुरुस्त करायला दिलीय." दुसऱ्या फोनवर सांगितलं, "मी परवाना नवा करून घेतला. डोळे तपासले त्यांनी. चांगले आहेत." आणि गेल्या महिन्यात तिसरा फोन आला, "नारळी पौर्णिमेला ये. आपण मोऱ्याला जायचं. मी चालवणार."

उरणच्या टोकाला मोऱ्याचा धक्का आहे, तिथे आईची मैत्रीण राहते. हिरामावशी. आईहून चार वर्षांनी मोठी. तिच्या नातवानं नवी होडी बांधली होती आणि आज दुपारच्या भरतीला त्या होडीतून पहिला नारळ समुद्राला जाणार होता. आईनं तिला शब्द दिला होता की भरतीच्या आत येते, आणि गाडी घेऊन येते. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. भरती एकच्या सुमारास होती.

गाडी दुरुस्त करणारे अन्वरभाई पनवेलचे जुने मिस्त्री. सकाळी येऊन, दोन तास खटपट करून, गाडी सुरू करून देऊन ते पेणला एका कामावर निघून गेले होते. मी त्यांना फोन लावला.

"ताई, घाबरू नका," ते म्हणाले. "मला परत यायला दीड तास लागेल. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही उभ्या उभ्या तापते. रेडिएटर जुनाच आहे. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा दिसतोय?"

"दिसतोय. मध्याच्या जरा खाली आहे."

"तो तांबड्यात जाऊ देऊ नका. गेला तर इंजिन जाम होईल, मग अल्लाच मालिक. तांबड्याजवळ आला तर सायलेन्सरच्या तोंडात ओली चिंधी कोंबा, बंद पडेल ती."

मी आईला सांगितलं. आईनं मान हलवली. "बंद पडली तर आज पुन्हा सुरू होणार नाही. सकाळी पाहिलंस ना? दोन तास. आज सुरू राहिली पाहिजे."

"काच फोडू या मग. ती छोटी तिकोनी."

"त्या काचेसाठी अन्वरनं चार महिने जुना बाजार पालथा घातला. मिळाली नाही. ती फोडायची नाही."

म्हणून आम्ही ठरवलं, काटा तांबड्याला टेकेपर्यंत प्रयत्न करायचे. टेकला की चिंधी. आईनं वर जाऊन एक जुनं फडकं भिजवून आणलं आणि गाडीच्या टपावर ठेवलं. मग कपाळावरचा घाम पुसून तिनं पदर कमरेला खोचला. तो पदर असा खोचलेला मी चाळीस वर्षांपूर्वी दर शनिवारी पाहायची.

डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला जी तिकोनी काच आहे ना, तिचा रबर कुजलेला होता. ती पूर्ण बंद होत नाही, करंगळी जाईल एवढी फट राहते. मी त्या फटीला डोळा लावायला वाकले आणि डोळ्याच्या आधी नाकालाच सगळं कळलं. आतून वास आला. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, आणि त्याच्या खाली, खूप खाली, सुकट. गाडीची सीटं नवी शिवली आहेत, छत नवं आहे, पायाखालचं जाजम नवं आहे. पण पत्र्यात मुरलेली सुकट कुणी काढणार कशी?

आई मसाले करायची. मिरची, धणे, हळकुंड, दगडफूल, त्रिफळ. मार्चपासून आमच्या पनवेलच्या घराच्या गच्चीवर मिरच्या वाळायच्या, आणि संध्याकाळी सूर्य कलला की त्या लाल उजेडात गच्चीच पेटल्यासारखी दिसायची. आम्ही भावंडं पायाच्या बोटांनी मिरच्या उलथायचो आणि मग चुकून डोळे चोळायचो. डंकावर मसाला कुटून आणला की घरभर लोक शिंकायचे. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "झाला का गं मसाला?" आणि आई इकडून शिंकतच हो म्हणायची.

हा मसाला उरणला जायचा, आणि उरणहून सुकट, बोंबील, वाकट्या यायच्या. त्या देवघेवीतून हिरामावशी आमच्याकडे आली आणि गाडीही आली. गाडी बाबांच्या नावावर होती, पण बाबा चालवायला घाबरायचे. ते शांत स्वभावाचे, कचेरीत फायली लावणारे. चाक हातात आलं की त्यांचे तळवे ओले व्हायचे. एके दिवशी आई म्हणाली, "सरका." आणि ते सरकले. मला वाटतं, तो त्यांच्या आयुष्यातला फार सुखाचा क्षण होता.

तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत आई गाडी शिकली. बुटकी असल्यामुळे गोधडीची घडी खाली घेऊन बसायची. बाबा समोर चालत जायचे, उलटे, दोन्ही हात वर करून, आणि आई हळूहळू त्यांच्या अंगावर गाडी आणायची. कडेला लोक जमायचे. कुणी हसलं की आई खिडकीतून मान काढून विचारायची, "चालवता का तुम्ही?" मग कुणी हसायचं नाही.

आणि मग ते शनिवार. सकाळी चोक ओढायचा आवाज, इंजिनाचा खोकला, एकदा, दोनदा, आणि मग ती एकसारखी घरघर, की आम्ही खाटेवरून उड्या टाकायचो. पनवेल मागं पडलं की मिठागरं लागायची. दोन्ही बाजूंना आकाश जमिनीवर उतरलेलं, चौकोनी तुकड्यांत कापलेलं. मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यावर गवताची शाकारणी. माणसं गुडघाभर पाण्यात उभी, आणि त्यांच्या डोक्याखाली त्यांचीच उलटी माणसं. खिडकीची तिकोनी काच आई उघडून द्यायची आणि त्यातून येणारा वारा एका धारेत तोंडावर बसायचा, खारट, चिखलाचा, तिवरांचा. आम्ही आळीपाळीनं त्या धारेत तोंड धरायचो. ओठ चाटले की मीठ लागायचं. वाटेत एका विहिरीशी थांबून रेडिएटरला पाणी पाजायचं, गाडी वाफेचा उसासा टाकायची आणि आई बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "पी गं, पी."

"काटा मध्यावर आला," आई म्हणाली.

मी भानावर आले.

"मोऱ्याला अडकली होती तेव्हा कशी उघडली होती?" मी विचारलं. दोघींना एकदमच ती दुपार आठवली असणार, कारण आई हसायला लागली.

मे महिना. मोऱ्याच्या धक्क्यावर गाडी उभी, आत दोन टोपल्या सुकट, दार मीच आपटलेलं. तेव्हाही मीच. उन्हानं गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. हां हां म्हणता अर्धा कोळीवाडा जमला. कुणी कपाटाची किल्ली आणली, कुणी छत्रीची काडी. होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलानं कान लावून कुलपाशी काहीतरी बोलून पाहिलं. मुंबईहून आलेली लाँच लागली, तर तिच्यातले उतारूही घरी जायचे सोडून उभे राहिले. आणि मग हिरामावशी आली. डोक्यावर टोपली, अंगावर हिरवं लुगडं, केसांत अबोली. तिनं टोपली उतरवली, गर्दीला कोपरानं बाजूला केलं आणि म्हणाली, "सरा सगली. हा मासा हाय. याला गलानं धरायचा."

तिनं मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा, आम्ही ज्याला तंगूस म्हणतो त्याचा, सरकता फास केला आणि तो काचेच्या कडेनं आत सोडला. खुंट्यांना तेव्हा भुईछत्रीसारखी डोकी होती. फास डोक्याखाली बसला, मावशीनं जीभ दातांत धरून झटका दिला आणि खुंटी टुणकन वर आली. एवढ्या टाळ्या, एवढ्या शिट्ट्या! आणि दार उघडल्याबरोबर आतून भट्टीसारखा जो वास बाहेर आला, त्यानं तो सगळा जमाव हसत हसत दहा पावलं मागे हटला. घरी परतताना आम्ही चारही काचा खाली करून, नाकं बाहेर काढून बसलो होतो. ती सुकट आईनं वाया जाऊ दिली नाही.

"तंगूस आहे घरी?" मी विचारलं.

"तंगूस कुठला आता? नाडी आहे."

परकराची नाडी आली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खोक्याला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी खाली टाकली. तिचा फास करून मी फटीतून आत सोडला. फास खुंटीवर गेला. ओढला. सुटला. पुन्हा गेला. पुन्हा सुटला. अन्वरभाईंनी खुंट्या नव्या बसवल्या होत्या, निमुळत्या, गुळगुळीत, मेणबत्तीसारख्या. त्यांना डोकंच नव्हतं, फास अडकणार कुठे? मी नऊ वेळा, दहा वेळा फास टाकला. इंजिनाचा आवाज जरा जड झाल्यासारखा वाटला. काटा मध्याच्या वर सरकला होता, तांबड्यापासून दोन बोटं.

आई टपावरच्या ओल्या फडक्यावर हात ठेवून उभी होती.

समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीचं काम चालू आहे. तिथे लोखंडी सळया बांधणाऱ्या बायकांची न्याहारीची सुट्टी झाली होती आणि त्यांतली एक मघापासून डबा हातात धरून आमच्याकडे बघत होती. पस्तिशीची, काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मी अकराव्यांदा फास टाकला तेव्हा तिला राहवलं नाही. ती रस्ता ओलांडून आली.

"बाई, असं नाय निघायचं ते," ती म्हणाली. "तुमी वरना ओढताव. आतली दांडी हाय ना, ती धरा."

"दांडी म्हणजे? आतलं हँडल?"

"व्हय, तीच. ती ओढली तर दार उघडल का नाय?"

मी आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटले, आणि बोटं हवेत अशी हलवली, जणू ती आत बसली आहे आणि दार उघडते आहे. "उघडेल," ती डोळे उघडून म्हणाली. "आतलं हँडल ओढलं की खुंटी आपली आपण वर येते. उघडेल! पण तिथपर्यंत पोचायचं कसं?"

"थांबा," ती बाई म्हणाली आणि प्लॉटकडे पळाली.

परत आली तेव्हा तिच्या हातात सळया बांधायच्या तारेचे तीन पदर होते. तिनं ते पायाखाली धरून पिळले. दातांत धरून टोक वाकवलं. बघता बघता हातभर लांबीचा एक ताठ आकडा तयार झाला. टोकाशी त्याला असं एक नाजूक वळण होतं, की एखाद्या सोनारानं द्यावं.

"चिंबोऱ्या अशाच काढतो आमी," खेकड्याच्या नांगीसारखी बोटं करून ती म्हणाली. "बिलात हात घातला तर चावतं. आकडा घालायचा. मंग ती कुठं हाय ते तारंला कलतं."

तिचं नाव सोमी. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरची. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तिची बोटं दिसत होती. तिनं तिकोनी काचेच्या फटीतून आकडा आत सारला. सारताना ती काचेकडे पाहत नव्हती, आकाशाकडे पाहत होती. श्रावणातलं ऊन, मध्येच चार थेंब, पुन्हा ऊन. तार आत गेली, दाराच्या आतल्या बाजूला घासत खाली उतरली. खर्र. थांबली. सोमीनं श्वास रोखला. मीही रोखला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली.

"लागली," सोमी पुटपुटली. "हलू नका."

तिनं मनगट एवढंसं फिरवलं. ओढलं नाही, नुसतं फिरवलं. आत काहीतरी कुरकुरलं.

टक्!

खुंटी वर उभी होती.

मी दार उघडलं की आईनं, की सोमीनं, मला सांगता येणार नाही. तिघींचे हात एकदमच दारावर होते. आई आत शिरली ती मुलीसारखी, पाय आधी टाकून, डाव्या सीटवरून घसरत थेट चाकामागे. तिनं ॲक्सिलरेटर हलकेच दाबला, काट्याकडे पाहिलं, आणि बॉनेट उघडायची दांडी ओढली. मी बॉनेट वर केलं. समोरच्या प्लॉटवरून दोघी जणी पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आल्या आणि आम्ही रेडिएटरच्या जाळीवर बाहेरून पाणी मारलं. वाफेचा ढग उठला. काटा थरथरला, थांबला, आणि मग मान तुकवून खाली यायला लागला. कुणीतरी ओरडलं. मला वाटतं मीच.

आईनं मागच्या सीटवरच्या पिशवीतून मसाल्याचा एक डबा काढला. हिरामावशीसाठी तीन डबे केले होते तिनं, स्वतः भाजून, स्वतः निवडून. त्यातला एक तिनं सोमीच्या हातात दिला. सोमीनं झाकण जरा उघडून वास घेतला आणि दोनदा शिंकली.

"चिंबोऱ्यांना लागंल," ती म्हणाली.

"चल तू पण मोऱ्याला," आई म्हणाली.

"नाय बाई. आज स्लॅब हाय." मग तिनं खिडकीतून आत वाकून पाहिलं. चाकाकडे, गोल घड्याळांकडे, आईकडे. "बाईमानूस येवढी मोठी गारी चालवतं? भोंगा वाजवू का?"

"वाजव की!"

सोमीनं तळहात ठेवला आणि दाबला. अकरा वर्षांचा दाबून ठेवलेला भोंगा तो, असा काही भोकाडला की समोरच्या इमारतीवरचे सगळे कामगार कठड्याशी येऊन उभे राहिले. सोमी लाजली, हसली, आणि तिनं आणखी एकदा दाबला.

सव्वाअकरा कधीचे वाजून गेले होते.

उरणच्या रस्त्यावर आता मिठागरं शोधावी लागतात. जिथे ते आकाशाचे चौकोन होते तिथे कंटेनर रचले आहेत, निळे, तांबडे, एकावर एक, चाळीच्या खोल्यांसारखे. ट्रेलरची रांग लागली होती. आमची छोटीशी गोल दिव्यांची गाडी त्या राक्षसांच्या मधून चालली होती आणि आई दोन्ही हातांनी चाक धरून, हनुवटी पुढे काढून, ताठ बसली होती. मी आधी देवाचं नाव घेत होते. मग घ्यायचं विसरले. कारण एका ट्रेलरच्या चालकानं उंचावरून खाली पाहिलं, आईला पाहिलं, आणि हात कपाळाला लावून सलाम ठोकला. दुसऱ्यानं वाट दिली. तिसऱ्यानं भोंगा वाजवला आणि आईनं त्याला उलटा वाजवून दाखवला.

"तिकोनी काच उघड," ती म्हणाली.

मी उघडली. वारा आला. डिझेलचा, धुळीचा, पण एका वळणावर, खाडीच्या एका तुकड्याजवळ, जिथे अजून तिवरं उभी आहेत, तिथे क्षणभर तो जुना वारा आला, आणि मी पन्नाशी ओलांडलेली बाई त्या धारेत तोंड धरून बसले.

वाटेत दोनदा थांबावं लागलं, काट्यासाठी. आम्ही मोऱ्याला पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते.

धक्क्यावर फुलं सांडलेली होती, नारळाच्या शेंड्या, गुलाल, ओल्या पावलांचे ठसे. माणसं परतत होती. समुद्रात, बऱ्याच आत, पताका लावलेल्या होड्या ओळीनं गेलेल्या दिसत होत्या आणि त्यांच्यावरच्या बँडचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होता. नारळ गेला होता. भरती उतरायला लागली होती.

आईनं गाडी थांबवली. पण इंजिन बंद केलं नाही. ती समोर पाहत राहिली. तिचे हात चाकावरच होते आणि आता पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

"चुकलं गं," ती म्हणाली. "शब्द दिला होता."

दार मीच आपटलं होतं.

तेवढ्यात पत्र्यावर थाप पडली. दण्णदिशी. टपावरची धूळ खाली आली.

"कवाची वाट बगतंय गो बाय!"

हिरामावशी होती. ऐंशी वर्षांची, वाकलेली, पण लुगडं कडक, हातात सोन्याचा गोठ, केसांत अबोलीचा गजरा. सगळं घर होडीतून गेलं होतं आणि ही किनाऱ्यावर एकटी एका उलट्या टोपलीवर बसून राहिली होती.

"तू होडीत नाही गेलीस?" आई खिडकीतून म्हणाली. "नातवाची होडी, पहिला नारळ. आणि तू इथं?"

"नारल काय, दर वर्साला सुटतो," मावशी म्हणाली. "तुजी गारी कवा सुटनार व्हती?"

काट्यावर एक नजर टाकून आई उतरली. दोघी एकमेकींना भेटल्या. दोघींच्याही कंबरा दुखत असल्यामुळे ती मिठी जरा वाकडीच झाली. मी पिशवीतले दोन डबे काढून दिले. तिसऱ्याचं काय झालं ते आईनं भर उन्हात उभं राहून सगळं सांगितलं. काटा, फडकं, नाडी, सोमी, चिंबोरीचा आकडा. मावशी ऐकता ऐकता "गो बाय गो" म्हणत गालावर हात ठेवत होती. आकड्याचं ऐकून ती म्हणाली, "ती बाई माज्यापेक्षा शानी. मना तर नुसता मासाच कलतो."

मग तिनं गाडीला एक फेरी मारली. नवा रंग बोटानं घासून पाहिला. दिव्यांवर हात फिरवला. आणि चालकाच्या बाजूचं दार उघडून, कुणाला काही न विचारता, आत जाऊन बसली.

"हिरा, काय करतेस?" आई म्हणाली.

"इतकी वर्सं मी इकडंना बसलीय," तिनं डाव्या सीटकडे बोट दाखवलं. "आज इकडंना बसनार. शिकव."

"अगं, ऐंशी वर्षांची आहेस तू!"

"मंग काय शंभरला शिकू?"

धक्क्याच्या बाजूला बोंबील वाळवायचं मोठं मैदान आहे. पावसाळ्यात बांबू रिकामे असतात आणि मैदानात नुसतं गवत असतं, चिटपाखरू नसतं. आईनं गाडी तिथे नेली. मग दोघींनी जागा बदलल्या. आईनं मागची उशी मावशीच्या खाली सरकवली, तिचा डावा पाय क्लचवर ठेवून दिला, स्वतः डावीकडे बसली आणि हँडब्रेकवर हात ठेवला. मी बाहेर, गाडीच्या शेजारी. मी नुसती चालायला लागले होते, पण हात आपोआप बाबांसारखे वर गेले होते.

"पाय हळूच सोड," आई सांगत होती. "हळूच. होडी सोडतात तशी."

गाडीनं एक हिसका दिला. मावशी किंचाळली. दुसरा हिसका. आणि मग गाडी चालायला लागली. खरोखर चालायला लागली, गवत चिरत, झेंडूची माळ उडवत, बांबूंच्या दोन रांगांच्या मधून, आणि चाकामागे हिरामावशी, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, अबोलीचा गजरा कानावर आलेला, मोठमोठ्यानं ओरडत होती. काय ओरडत होती ते मला कळलं नाही. मी शेजारून धावत होते आणि मीही ओरडत होते. समुद्रातून बँडचा आवाज येत होता.

"ब्रेक!" आई ओरडली.

मावशीनं दोन्ही पाय ब्रेकवरच दाबले. गाडी शेवटच्या बांबूपाशी येऊन, एक मोठा आचका देऊन उभी राहिली आणि बंद पडली. सकाळभर जे होऊ द्यायचं नव्हतं ते झालं होतं. एकदम शांत झालं. तापलेल्या इंजिनाचा टिकटिक आवाज, गवतावर पडणारे चार थेंब, आणि दोघींचं धापा टाकणं.

मी पळत गेले आणि दार उघडलं. "मावशी, लागलं का कुठं? ये, उतर, मी हात देते."

हिरामावशीनं कानावरचा गजरा नीट केला. चाक सोडलं नाही. दार माझ्या हातातून ओढून घेतलं आणि लावलं, हलक्या हातानं.

"उतरतंय कोन?" ती म्हणाली. मग आईकडे वळली. "बाय, चालू कर. आजून एकदा."